ताळा

निकाल उघडला तेव्हा फेरीबोट सामुद्रधुनीच्या मध्यावर होती.
कागदी पेल्यात कोमट कॉफी, काचेबाहेर राखाडी पाणी,
फोनवर दोन ओळी:
एचपीव्ही पॉझिटिव्ह.
पेशी ठीक, वर्षाने पुन्हा तपासणी.
माणूस हवं तेवढंच वाचतो म्हणतात.
मी नको होतं तेवढंच वाचलं.
दुसरी ओळ मला चार दिवसांनी दिसली.

मी हिशेब लिहिते.
जुनिपरच्या लाकडाचे डाव, लोणीसुऱ्या, खुंट्या,
सोळा वर्षं त्या एका कारखान्याची कीर्द-खतावणी.
सेंट न् सेंट कुठून आला, मला सांगता येतं.
म्हणून सारेमाच्या धक्क्याला बोट लागायच्या आत
मी आमच्या दोघांचं खातं उघडून बसले.
आइवारचे फिनलंडमधले सात महिने, बांधकामावरचे,
त्याच्या नावे टाकले, लाल शाईने.
मग माझी बाजू: तार्तूमधला राइवो, पाऊण हिवाळा,
त्याच्या खोलीतला कधीच न तापणारा हीटर.
आणखी एक,
ज्याचं आडनाव मी विचारलंच नव्हतं.
ताळा जुळेना.
तीन रात्री नवऱ्याच्या पाठीकडे बघत जागी राहिले,
जसं बँकेच्या बंद खिडकीसमोर उभं राहावं.

सुईणबाई उर्वे. तिची खोली शाळेच्या मागे,
खिडकीत जिरेनियमची कुंडी.
माझी सगळी यादी तिने ऐकून घेतली आणि चष्मा पुसला.
"लेलो, या पाहुण्यावर पोस्टाचा शिक्का नसतो.
मागच्या महिन्यातला असेल,
वीस वर्षांपूर्वीचा असेल, कोपऱ्यात झोपून राहिलेला.
कुणी आणला ते मला सांगता येणार नाही,
तुलाही नाही, न्यायाधीशालाही नाही.
बहुतेकांकडे येतो कधी ना कधी.
बहुतेकांकडून जातोही, वर्षा-दोन वर्षांत, निरोप न घेता.
राहिलाच, तर आपण बघत असतो.
बिघडायला त्याला वर्षं लागतात,
बघायला मला दहा मिनिटं."
मी चाचरत विचारलं, सॉनाच्या फळीवरून तर नाही ना?
ती हसली. "फळीला कशाला बोल लावतेस, बिचारीला."

शनिवारी सॉना. बायकांची पाळी आधी.
आम्ही सात जणी, लाल, ओल्या, उघड्या:
म्हातारी साल्मे, पोटावर टाक्यांची जुनी पायवाट,
पिरेत, पिरेतची एकोणीस वर्षांची पोर
(तिला लस शाळेतच मिळाली, त्याचं तिला कौतुकही नाही).
मनात म्हटलं, उर्वेचं खरं धरलं
तर इथल्या चार-पाच जणींनी तरी
हा पाहुणा पाहिलेला असणार.
कपाळावर कुणाच्याच काही लिहिलेलं नाही.
आणि तोंडातून निघूनच गेलं.

कुणी बोललं नाही.
साल्मेने तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं,
वाफ आमच्या मध्ये उभी राहिली.
वाफेतून पिरेत म्हणाली, "मलाही होता. मागच्या खेपेला नव्हता."
पलीकडून कुणीतरी, कोण ते दिसलं नाही:
"माझी जात वेगळी. चामखिळी.
डॉक्टरीणबाईने गोठवून काढल्या.
महिनाभर रडले गं, चामखिळींसाठी!"
सगळ्या हसल्या.
साल्मे हसली नाही.
"माझ्या बहिणीकडे कुणी बघितलंच नाही.
बेटावर तेव्हा बघणारं नव्हतं कुणी.
लाज तेवढी होती, भरपूर."
मग बर्चची ओली जुडी माझ्या पाठीवर, जरा जोरातच:
"तुझ्याकडे बघतायत ना? मग?"

आइवार अंगणात फ्लाउंडर धुरावत होता.
सांगितलं.
त्याने झाकण लावलं, हात पँटला पुसले.
"माझ्याकडून?"
"माहीत नाही. माझ्याकडूनही असेल."
"म्हणजे कुणाच्या नावे टाकायचं नाही."
"नाही."
धूर एकदा त्याच्याकडे वळला, एकदा माझ्याकडे.
फिनलंडचं मी विचारलं नाही.
विचारायचंच झालं, तर ती वही वेगळी,
हिची पानं तिला जोडायची नाहीत.

डिसेंबरात नवीन कॅलेंडर आलं.
धुराडं साफ करणारा, गाडीचे टायर,
आणि दोघांच्या मधल्या चौकोनात, निळ्या शाईने:
उर्वे, साडेदहा.